अर्धा सूर खाली

चौथं कडवं संपलं, वाद्यं आत आली, आणि मला वाटलं वादकांनी चुकीचं पान उघडलंय. खरंच, पहिला विचार हाच आला. एवढी नावाजलेली नाटक कंपनी, एवढे कसलेले वादक, आणि यांना साधं पान सापडू नये? माझी एकेचाळीस मुलं रंगमंचावरच्या त्या लाकडी धक्क्यावर उभी होती, तोंडं अजून उघडीच होती, आणि समोरच्या वादकांच्या खड्ड्यातून व्हायोलिनं आली ती मुलांच्या आवाजाला अशी घासून गेली की पुढच्या रांगेतल्या दोघींनी सरळ कानांवर हात ठेवले. पाच सेकंदांपूर्वी मी विंगेत उभी राहून डोळे पुसत होते. लाज वाटते सांगायला, पण पुसत होते. मुलं इतकी एकजीव कधी गायली नव्हती. वाद्यवृंदाच्या संचालकांनी हातातली काडी खाली ठेवली. माझी मुलं त्यांना काडीवाले म्हणतात, तोंडावर नाही, पण त्यांना माहीत असणार. शिडशिडीत माणूस, फार हळू बोलतो. दवाखान्यात नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात ना, तसे ते रंगमंचाच्या कडेशी आले आणि म्हणाले, "बाई, मुलं अर्धा सूर खाली आलीत." मी म्हटलं, "कोण?" ते म्हणाले, "सगळी." मी म्हटलं, "सगळी कशी येतील? दोघं-चौघं येतील. नाव सांगा, मी कान पकडते." तर म्हणाले, "नाही हो, सगळी एकत्र आलीत. फार सुंदर गातात. फक्त अर्धा सूर खाली." म्हणजे गाडी छान, वेळेवर, स्वच्छ, फक्त दुसऱ्याच गावाला पोचली. मी हसले. ते हसले नाहीत.

पुन्हा एकदा करून बघितलं. पुन्हा तेच. नाटकात मुलं बंदरावर उभी राहून समुद्रावर गेलेल्यांना हाका मारतात, चार कडवी, एकही वाद्य नाही, आणि चौथ्याच्या शेवटच्या सुरावर सगळी वाद्यं एकदम येतात. तो सूर जुळला तर प्रेक्षागृहात माणसाच्या अंगावर काटा येतो. नाही जुळला तरी येतो, पण वेगळा. काडीवाले म्हणाले, "गुरुवारी रंगीत तालीम आहे. तोवर जमलं तर प्रश्नच नाही. नाहीतर आमच्याकडे मोठ्या गायिकांनी गायलेलं ध्वनिमुद्रण तयार आहे, ते लावू. मुलं उभी राहतील, ओठ हलवतील. लोकांना कळतसुद्धा नाही." त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, म्हणूनच मला जास्त राग आला. सहा महिने. शनिवार-रविवार सोडले नाहीत. पोरांनी पोहणं सोडलं, वाढदिवस सोडले, एकीने तर पडलेला दात तोंडात धरून अख्खी तालीम केली आणि मग थुंकला. आणि ही मुलं उभी राहून ओठ हलवणार, माशांसारखी! मी म्हटलं, "गुरुवारी जमेल." कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे. तो सोमवार होता.

शाळेच्या बसमध्ये मुलं नेहमीसारखी किंचाळत होती. आपलं काहीतरी चुकलं हे त्यांना कळलं होतं आणि पाच मिनिटांत ती ते विसरलीही होती. मी पुढे ड्रायव्हरच्या मागे बसले. काच थोडी उघडी होती, वारा नेमका कानात येत होता, आणि मी विचार करत होते की माझ्या कानांचं काय झालंय. एकतीस वर्षं शिकवतेय मी. शेजारच्या वर्गात कुणी रडलं तर कोणत्या पट्टीत रडतंय ते सांगते. आणि मला अर्धा सूर कळू नये? अर्धा सूर म्हणजे पाव मिलीमीटर नव्हे, अर्धा सूर म्हणजे जिन्याची अख्खी पायरी. पायरी चुकली तर माणूस पडतो. मी डोळे पुसत उभी होते. तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि आवाज आला, "होतं असं, बाई. मनाला लावून घेऊ नका. पाणी पिऊन घ्या आधी." आजीबाई. चौथीतली, नऊ वर्षांची. मुलांनीच ठेवलेलं नाव, कारण ती बोलते तशीच. पाऊस आला तर म्हणते, "येऊ दे, झाडांना हवा होता." तिची आई दवाखान्यात नर्स आहे, घरी पाठची दोन भावंडं आहेत, ती हीच सांभाळते, म्हणून असं बोलणं. तिच्या मांडीवर माझी फाईल होती, हजेरीची वही होती. ती गात नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी मीच तिला गाण्यातून काढून वह्या सांभाळायला बसवलं होतं. मी पाणी प्यायले आणि तिला म्हटलं, "जागेवर बस, बस हलते आहे." माझा आवाज कडक आला, का ते कळलं नाही.

तिला का काढलं, ते सांगते. माझी एक पद्धत आहे आणि तिचा मला अभिमान आहे, होता म्हणू की आहे, आता माहीत नाही. मी पियानोवर सुरुवातीचा एक सूर देते आणि झाकण लावून टाकते. पियानोच्या कुबड्या घेऊन गाणारी मुलं आयुष्यभर लंगडतात, असं माझं म्हणणं. सूर पोटात बसला पाहिजे. मुलांना आधार म्हणून मी स्वतः त्यांच्याबरोबर गाते, हळू, ओठातल्या ओठात. आणि दर शुक्रवारी फोनवर गाणं ध्वनिमुद्रित करून पालकांच्या गटावर टाकते, घरी ऐकून सराव करा म्हणून. तर मध्ये असं व्हायला लागलं की तिसऱ्या कडव्यापासून काहीतरी टोचायचं. मोज्यात खडा गेल्यासारखं. चौथ्यात तर फारच. मी रांगांतून फिरले, एकेकाच्या तोंडाजवळ कान नेऊन, डॉक्टर छाती तपासतात तसं. पहिली रांग, दुसरी, आणि दुसऱ्या रांगेत मधोमध सापडला खडा. आजीबाई. एकटीला गायला लावलं तर बरोबर, सगळ्यांत गायला लागली की बाहेर. मी म्हटलं, "अगं, बाकीचे कुठे, तू कुठे?" ती म्हणाली, "बाई, मी जिथे सुरू केलं तिथेच आहे." मुलं हसली. मला वाटलं उलट उत्तर देतेय. मी म्हटलं, "शहाणपणा पुरे. चाळीस जण चुकीचे आणि तू एकटी बरोबर, असं कुठे असतं का?" तिने मान हलवली, असं नसतं म्हणून. आणखी चार दिवस बघितलं, मग तिला बाजूला घेऊन प्रेमाने सांगितलं, की तुझा आवाज बाकीच्यांत टोचतो, तू गाऊ नकोस. प्रेमानेच सांगितलं, खोटं कशाला बोलू. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग वह्या मी सांभाळू का? नाहीतरी कुणीतरी लागतंच." आणि त्या दिवसापासून गाणं लोण्यासारखं झालं. टोचणं गेलं. तिच्या जागी तिसऱ्या रांगेतली एक पुढे घेतली, राखीवांतली एक आत घेतली, आणि मला रात्री शांत झोप लागायला लागली.

बस शाळेत पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले होते. मुलं वर्गात पळाली. मी संगीताच्या खोलीत गेले आणि ताईचा फोन आला. ताई रोज दोनला फोन करते, तिचं जेवण झालेलं असतं आणि माझं व्हायचं असतं. ती काहीतरी तिच्या नातीचं सांगत होती आणि मी म्हणाले, "ताई, एक विचारू? मी लहानपणी जिन्यात बसले होते ते आठवतं तुला?" ती लगेच हसायला लागली. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मी सात वर्षांची, कशावरून तरी रुसले, आणि दुपारभर बाहेर जिन्यात जाऊन बसले, बाबा बिचारे दारातून हाका मारतायत, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बसायला स्टूल दिलं, आणि मी स्टुलावर महाराणीसारखी, असं ते सगळं. घरात चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, ते स्टूल सांग, आणि मी सांगते. हातवारे करून सांगते. लोक पोट धरून हसतात. पण माझ्या तळपायांना वेगळंच काहीतरी आठवतं. पायऱ्या तापल्या होत्या आणि माझ्या पायांत चप्पल नव्हती. रुसून जाणारी मुलगी चप्पल घालून जाते की नाही? आणि दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आठवतो. आणि हे मी पूर्वी सांगायचे. दहा-बारा वर्षांची होईपर्यंत सांगायचे, की बाबांनी मला बाहेर काढून कडी लावली. तेव्हा आई म्हणायची, काहीतरीच काय. दादा म्हणायचा, हिला स्वप्नं पडतात. ताई म्हणायची, बाबा आणि कडी लावणार? कुणी चिडून म्हणायचं नाही, सगळे हसून म्हणायचे. ते वाईट लोक नव्हते. घरात चार जण एक सांगतात आणि आपण एक, मग आपलं आपल्यालाच टोचायला लागतं. कधी सोडलं मी ते, तारीख सांगता येणार नाही.

"तर काय विचारत होतीस?" ताई म्हणाली. मी म्हटलं, "दार आतून लावलं होतं का गं?" ती परत हसली. मग म्हणाली, "आता हे काय मध्येच? कोण जाणे, बाई. पन्नास वर्षं होत आली. आणि तूच तर सांगतेस ना नेहमी, रुसले होते म्हणून! आम्ही तर आता तुझ्याकडूनच ऐकतो." मी म्हटलं, "हो, मीच सांगते." ती म्हणाली, "बरं वाटत नाहीये का? काही खाल्लंस का?" मी म्हटलं, "खाते." फोन ठेवला आणि डबा उघडलाच नाही.

मग मी ते केलं जे मी सहा महिन्यांत एकदाही केलं नव्हतं. फोनवरचं जुनं ध्वनिमुद्रण काढलं, आजीबाई गाण्यात असतानाचं, तिला काढण्याच्या आधीच्या शुक्रवारचं. ते लावलं, पियानोचं झाकण उघडलं, आणि चौथ्या कडव्याच्या शेवटच्या सुराची पट्टी दाबून धरली. ऐकलं. पुन्हा लावलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा पियानोतच डोकं घालून ऐकलं. चाळीस आवाज खाली होते, सगळे एकमेकांच्या गळ्यात गळा घालून, आणि त्यांच्यात मधोमध माझाही ओठातल्या ओठात आवाज होता, चक्क खाली, सगळ्यांच्या पुढे, आणि पियानोच्या सुराला चिकटून, काडीइतकाही न हलता, एकच बारीक आवाज होता. खडा. मोज्यातला खडा. पहिल्या कडव्याला सगळे बरोबर, दुसऱ्याला केसभर खाली, तिसऱ्याला जास्त, माझ्या मागून माझी मुलं एकेक पायरी उतरत गेली होती आणि मी म्हणत होते, वा, काय एकजीव गातायत. ही एकटी वर उभी राहिली होती. आणि मी तिच्या हातात वह्या दिल्या. मला आधी हसू आलं, खरंच हसू आलं, मग मी टेबलाचा कोपरा धरून बसले. आणि तरी, हेही सांगायला हवं, एक मन म्हणत होतं की पियानोच बिघडला असेल. हवा दमट आहे, जुना पियानो आहे, तारा चढल्या असतील. व्हायोलिनंही चढली असतील. माणूस काय काय म्हणू शकतो स्वतःला! मी उठून सगळ्या पट्ट्या एकेक करून वाजवल्या. पियानो ठीक होता. माझंच घसरलं होतं, आणि कधीपासून घसरत होतं, एकतीस वर्षांत किती वर्गांना मी असं अर्ध्या सुराने खाली नेऊन सोडलं, ह्या विचाराशी मी आले आणि तिथून परत फिरले. गुरुवार जवळ होता.

उपाय साधा होता, म्हणून मला जरा धीर आला. ती परत दुसऱ्या रांगेत मधोमध. मी गप्प. माझा आवाज नसला की मुलं कुणाला तरी धरणारच, तिला धरतील. एक पोरगी एकेचाळीस जणांना धरून ठेवेल, ठेवत नव्हती का? मीच तर सगळ्यांना तिच्यापासून तोडत होते. मंगळवारी सकाळी मुलं जमली तेव्हा मी आजीबाईला म्हटलं, "वही दे इकडे. आज तू गा." तिने वही दिली, आणि वहीत कुठे काय आहे तेही सांगितलं, दोघं गैरहजर, एकीचा घसा बसलाय. मग गणवेश सारखा केला आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. तिच्या शेजारणीने तिला कोपराने ढोसलं, तिने उलट ढोसलं, दोघी हसल्या. चेहरा असा फुलला होता तिचा. मी काही समजावून सांगितलं नाही. काय सांगणार होते, बाईंना सूर कळत नाही असं? कुणी तरी मोठं माणूस एवढं खरं बोलतं का मुलांशी? नंतर सांगू म्हटलं, गुरुवारनंतर. मी सूर दिला. ह्या वेळी झाकण लावलं नाही.

पहिलं कडवं छान. मी ओठ दातांत धरून ठेवले होते, सवयीने घशात सूर येत होता तो गिळत होते. दुसरं कडवं. मी तिच्याकडे बघत होते. तिसरं सुरू झालं आणि मी वाट बघायला लागले की आता टोचेल, आता खडा लागेल. त्या टोचण्याइतकी वाट मी कधी कशाची बघितली नसेल. टोचेना. मला वाटलं मुलं वर राहिली, सगळी तिच्याबरोबर राहिली, झालं काम. माझं मन एकदम हलकं झालं. चौथं कडवं तर इतकं गोड झालं की दारातून जाणारा शिपाई थांबला. शेवटच्या सुरावर मी पट्टी दाबली.

वर्गातली सगळी तोंडं वाकडी झाली. एकदम गलका झाला, आणि त्या गलक्यात सगळ्यांत आधी जो आवाज आला तो आजीबाईचा होता, "बाई, पियानो चुकतोय." बाकीची मुलं म्हणाली, "हो बाई, चुकतोय, चुकतोय." मी तिला पुढे बोलावलं. बाकीच्यांना म्हटलं, बसा. ती आली, हात मागे बांधून उभी राहिली, आणि माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, ती हळूच म्हणाली, "आता टोचत नाही ना? मी रोज केलं बाई. आईच्या फोनवर तुमचं गाणं लावायचं, आणि एक कान बोटाने बंद करायचा, म्हणजे आपलं आपल्याला नीट ऐकू येतं. आधी आधी माझं वर जायचं. मग भावाला बसवलं समोर, म्हटलं मी बाहेर गेले की चिमटा काढ. इथे वह्या धरून बसायचे तेव्हा मनात गायचे. आता नाही जात." तिच्या दंडावर खरंच निळसर डाग होते, दोन-तीन. मी ते तेव्हा पाहिले. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती आणि मला वाटलं, म्हणून टाकावं शाब्बास. दोन अक्षरांचं काम होतं, तीन म्हणा. कंपनीला ध्वनिमुद्रण लावू दे, मुलं ओठ हलवतील, लोकांना कळतसुद्धा नाही. हिला तरी वाटेल की जमलं. जिन्यात कोण रुसून बसलं होतं आणि कुणी कडी लावली होती, ह्यानं आता कुणाचं काय अडतंय? सगळे हसतात तरी.

"पियानो बरोबर आहे," मी म्हणाले. "चूक माझी आहे. मी खाली गात होते, म्हणून तुम्ही सगळे खाली आलात. सगळे." आजीबाईने विचार केला. ती विचार करते तेव्हा खालचा ओठ आत घेते. मग म्हणाली, "मग मी आधी गात होते ते?" मी म्हटलं, "ते बरोबर होतं." "चाळीस जण चुकीचे?" "चाळीस जण आणि मी." ती पियानोकडे बघत राहिली. मी म्हटलं, "तू एकटी गा बरं एकदा. तसंच, आधीसारखं. मग बाकीचे तुझ्यामागे येतील." मी सूर दिला. ती गायली, एकटी, चारही कडवी. दुसऱ्या कडव्याला केसभर खाली आली. तिसऱ्याला आणखी. शेवटचा सूर धरून तिने स्वतःच हात लांब करून पट्टी दाबली, आणि पट्टीचा सूर तिच्या सुराच्या वरून निघून गेला. तिने पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दाबली तेव्हा जोरात दाबली. मी म्हटलं, "होईल, होईल, परत करू या," आणि मला रडू फुटेल असं वाटलं म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं.

ती माझ्याजवळ आली. तिने माझ्या हातातली वही घेतली, आणि मोठ्या माणसांची समजूत घालताना ती ज्या आवाजात बोलते त्याच आवाजात म्हणाली, "ते आता येत नाही, बाई. ते जावं म्हणून खूप मेहनत केली मी."